तीन दगडांची जागा

कोलाडला नदीकाठी घर-गाड्यांसाठी जो नवा कॅम्प झालाय, तिथे शिरल्या शिरल्या हौसाने काय केलं, तर फाटकावरचा नियमांचा बोर्ड मोठ्याने वाचला. शाळा तिने चौथीतच सोडलेली, पण बोर्ड दिसला की तो वाचल्याशिवाय ती पुढे जायची नाही. उघड्यावर जाळ करू नये. कपडे बाहेर वाळत घालू नयेत. सुकी मासळी शिजवू नये, आणू नये, बाळगू नये.

"बाळगू नये!" ती नवऱ्याकडे वळून म्हणाली. "अवो, सुकट हाय का गावठी कट्टा?"

रघू समोर बघत राहिला. सारा जन्म त्याने धाटावच्या कंपन्यांतले कामगार शिफ्टला नेले-आणले होते. पाठीमागे कितीही भांडणं चालोत, आपण समोर बघायचं, ही सवय त्याच्या हाडात मुरलेली. संसारातही तिचा त्याला फार उपयोग झाला होता.

ऑफिसातली मुलगी गोड होती. "आजी, बाकीच्या गेस्टना वासाचा त्रास होतो ना," ती म्हणाली.

"आनि ह्यांचा त्रास नाय होत?" हौसाने झाडाला टांगलेल्या भल्यामोठ्या स्पीकरांकडे बोट केलं.

"ते दहाला बंद होतात."

"माझे बोंबील आठलाच संपतात गो," हौसा म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

गाडी म्हणजे रघूची तीच शिफ्टची बस. ठेकेदार ती भंगारात काढणार होता, पण रघूचा जीव तुटला आणि त्याने ती घेऊन टाकली. बाकं काढली, पलंग बसवला, ओटा केला, पाण्याची टाकी ठेवली, मागच्या कोपऱ्यात दार लावून संडास-मोरी केली. आरटीओत खेपा घालून नवे कागद मिळवले आणि ते मोठ्या कौतुकाने एकुलत्या एका लेकीच्या, नमिताच्या, नावावर केले. काचेवर 'आई एकवीरा प्रसन्न' होतं आणि त्याखाली 'धाटाव, जनरल शिफ्ट' ही जुनी पाटीही तशीच होती. त्यामुळे अजून रस्त्यात कुणीतरी हात करायचं आणि रघू सवयीने ब्रेक मारायचा. गाडी तयार झाली तशी दोघांनी रोह्याची भाड्याची खोली सोडून दिली. आता जे काय घर होतं ते हेच होतं.

आणि हे घर रविवारी विकलं जाणार होतं.

त्याचं असं झालं. गेल्या वर्षीची थंडी दोघांनी पुण्याला नमिताकडे काढली होती. नमिता मायेची पोर. तिने आईला दोन स्वेटर घेतले, लोकरीचे मोजे घेतले, हीटर घेतला. हौसा मोजे घालून सोफ्यावर बसायची आणि खाली जायला लिफ्टमध्ये शिरली की शेजारणी हसून विचारायच्या, "कधी आलात? कधी जाणार?" विचारण्यात वाईट काही नव्हतं. पण हौसाला ते लागायचं, आणि थंडी तर हाडं फोडायची. तिथेच तिने ठरवलं की पुढची थंडी खाडीवर काढायची, जिथे पौषातही खारा वारा अंगाला कोमट लागतो. मग दिवाळीनंतर नागोठण्याच्या पेट्रोल पंपावर रघूच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. डॉक्टर म्हणाला, साखर उतरली, वेळेवर जेवत जा. पण नमिताने रान उठवलं. गाडी विकायची, म्हणाली, आणि पेणचं एक गिऱ्हाईकही धुंडून काढलं.

हौसाने फोनवर आकाशपाताळ एक केलं, तेव्हा कुठे लेक इतकी नमली: "ठीक आहे. असं भटकायचं नाही. पावसापर्यंत राहता येईल अशी एक जागा बघा. हाकेला माणूस पाहिजे आणि कुणी मध्येच उठवणार नाही, अशी जागा. रविवारपर्यंत मिळाली तर राहा. नाही मिळाली तर मी गिऱ्हाईक घेऊन येते आणि तुम्ही दोघं माझ्याबरोबर पुण्याला चला."

म्हणून ही वणवण. कोलाड झालं, मग खांबजवळ हायवेला एका धाब्याच्या मागची जागा बघितली. धाबेवाला देवमाणूस निघाला. हवे तितके दिवस राहा म्हणाला, वर चहा पाजला. पण कंटेनर गेला की ओट्यावरचे ग्लास एकमेकांना भेटायला निघायचे आणि हॉर्नने छातीत धडकी भरायची.

"हितं झोपलं तर सकाळी गोव्यात जाग येल," हौसा म्हणाली.

"मग आता एकच ऱ्हायली गो," रघू म्हणाला. "पेनच्या खाडीवरची."

"म्हाईत हाय मला."

दोघांनाही माहीत होतं की तिला मुळात तिथेच जायचं होतं. पोर ताटातला आवडीचा घास शेवटाला ठेवतं, तशी तिने ती जागा शेवटाला ठेवली होती. आणि थोडी भीतीही होती.

हौसाचं माहेर पेणच्या खारेपाटातलं, आगऱ्यांचं. पावसात भात लावायचा आणि दिवाळी झाली की मिठागरावर जायचं. जायचं म्हणजे नुसती माणसं नाही, अख्खा संसार जायचा. भांडी, गोधड्या, कोंबड्या, पाळण्यातलं पोर, सगळं. खाडीच्या कडेला खोपी घालायची आणि पाऊस येईपर्यंत तिथेच मीठ ओढत राहायचं. आता शहरातली माणसं ह्याला कॅम्पिंग म्हणतात आणि त्याचे फोटो काढतात.

तर अशा ठिकाणी जागेवरून डोकी फुटू नयेत म्हणून जुन्या माणसांनी एक रीत घालून दिली होती. जिने तीन दगड मांडून चूल पेटवली आणि तिच्यावरचा पहिला भात घराबाहेरच्या कुणाला वाढला, तिची ती जागा पाऊस पडेस्तोवर. मग कुणी कितीही मोठा असो, त्याने ते दगड हलवायचे नाहीत. दुसरी रीत पहिलीपेक्षा चिवट होती. त्या चुलीत ज्याने आपल्या हाताने जळणाची फाटी सारली, तो त्या चुलीचा झाला. 'इथून उठा' हे शब्द त्याने परत तोंडातून काढायचे नाहीत. ज्या चुलीत सरपण घातलं तिच्यावरच उठणाऱ्याला खारेपाटात कुणी पंगतीला घेतलं नसतं.

एका साली हौसाच्या आईला, सगुणाला, तिच्या जागेवरून उठवायला मिठागराचा मुकादम आला. भर उन्हात चालत आलेला माणूस. सगुणा भांडली नाही. "बसा, बिडी वढा," एवढंच म्हणाली. मुकादमाने चुलीतली फाटी उपसली, बिडी शिलगावली, आणि माणूस करतो तशी सवयीने फाटी परत चुलीत सारली. आजूबाजूच्या खोपींतून असा हशा उठला की मुकादमाने कपाळावर हात मारला आणि मुकाट्याने भात खाऊन गेला. सगुणा मरेपर्यंत ही गोष्ट सांगायची आणि दर खेपेला मुकादम थोडा जाडा व्हायचा. नमिताने ती आजीच्या मांडीवर बसून इतक्यांदा ऐकली होती की मध्येच 'आता बिडी' असं ओरडायची.

गाडी वडखळवरून आत वळली, भातखाचरं मागे पडली आणि वाऱ्याला मिठाचा वास आला. हौसाने पदर सावरला.

मिठागर आता उरलं नव्हतं. मीठ पिकवायच्या कोंड्यांवर भराव टाकून गाड्यांसाठी हिरवेगार चौकोन केले होते, दर चौकोनाला विजेचा खांब आणि नळ. वर दिव्यांच्या माळा. फाटकावर मिठाची टोपली डोक्यावर घेतलेल्या बाईचं पुरुषभर उंचीचं चित्र आणि खाली अक्षरं. हौसाने वाचली: "आमचा वारसा."

मॅनेजर बाहेर आला. प्रविण नाव, पांढरा शर्ट, कानात फोनचं बोंडूक. त्याने काचेवरची पाटी वाचली आणि हात आडवा केला. "कामगारांची बस आत नाही येणार, काका."

"बस नाय, घर हाय," रघू म्हणाला आणि त्याने दार उघडून दाखवलं. प्रविणने पायरीवर चढून आत डोकावून बघितलं. पितळेचे डबे, पांढरी चादर, खिडकीत तुळशीचा डबा. त्याला आवडलं, हे तोंडावर दिसलं. मग तो खाली उतरून गाडीच्या पुढे गेला, नंबर बघितला आणि तोंड परत मिटलं.

"एमएच झिरो सिक्स," तो म्हणाला. "सॉरी काका. लोकल गाड्या घेत नाही आम्ही. मागे लोकल पोरांनी पिऊन दंगा केला, तेव्हापासून वरूनच ऑर्डर आहे. मुंबई, ठाणे, पुणे चालतं."

आता मात्र रघूने समोर बघायचं सोडलं. "म्हंजे मुंबईचे पीत नायत?" त्याने विचारलं. "माजे केस पिकले ह्या नंबरावर गाडी चालवून. रातपाळीची मानसं मी घरला पोचवली. आनि नंबर बघून तू मला दारुड्या ठरवतोस?"

प्रविण ओशाळला. तसा वाईट पोरगा नव्हता, हुकमाचा ताबेदार होता. "थांबा, साहेबांना विचारतो," म्हणून तो बाजूला गेला आणि बराच वेळ बोलत राहिला. मध्येच त्याने गाडीचा फोटो काढला. मग हौसाचाही काढला, न विचारता. परत आला तो हसतच.

"काम झालं," तो म्हणाला. "साहेब म्हणाले, फाटकाच्या आतली पहिली जागा द्या. वीज, पाणी सगळं फुकट. पावसापर्यंत राहा. फक्त शनिवार-रविवारी आजींनी नऊवारी नेसून चूल पेटवायची, मडक्यात वालाच्या शेंगांची पोपटी लावायची. पाहुण्यांना टोपली डोक्यावर घेऊन थोडं दाखवायचं, फोटो काढू द्यायचे. तुम्ही इथल्याच ना? एकदम ओरिजिनल!"

रघूने हौसाकडे बघितलं. "घे गो," तो हळूच म्हणाला. "रविवार आला. नमीला काय सांगशील?"

खोटं कशाला सांगा, हौसाचं मन डळमळलं. पक्की जागा होती, कुंपण होतं, चोवीस तास माणूस होता. लेकीच्या साऱ्या अटी पुऱ्या होत होत्या. आणि आईची खोपी होती ती ह्याच हिरव्या चटईखाली कुठेतरी. ती आत गेली, दाखवलेल्या जागेवर उभी राहिली. वर ते चित्र. चित्रातल्या बाईला हसायला लावलं होतं. भर उन्हात डोक्यावर मिठाची टोपली घेऊन हसणारी बाई हौसाने जन्मात बघितली नव्हती.

"समजा," ती प्रविणला म्हणाली, "शनवारी माझी लेक आली. नि मी मॅक्सी घालून तिच्यासंगं चा पीत हितं बसले. चालंल?"

"गेस्ट असताना..." प्रविण घुटमळला. "मॅक्सी नको. फोटोत कसं दिसेल ते?"

"ह्या चित्रातल्या बाईचं नाव काय?"

"मला नाही माहीत. मुंबईहून छापून आलंय."

"माझं नाव हौसा. सगुनाची हौसा. हितं जल्मले नि हितं मीठ वढलं." तिचा आवाज चढला, आणि चढला त्याबद्दल तिला मुळीच वाईट वाटलं नाही. "तुमच्या पुन्याच्या पावन्याला जी जागा देता, तशी द्या. त्याच्याकडनं घेता ते माझ्याकडनं घ्या. मी राह्यला आले, दाखवायला नाय आले."

"तसं नाही जमणार, आजी."

"मग तुमचा वारसा तुमालाच लखलाभ," हौसा म्हणाली आणि फाटकाबाहेर आली. आयत्या बिळावर नागोबा बसतो हे ठाऊक होतं. पण हा नागोबा घरच्यांनाच पुंगी वाजवायला सांगत होता.

गाडी वळवायला जागा नव्हती, म्हणून रघूने ती पुढे खाडीच्या बांधावर घेतली. बांधाला जिथे उघाडी आहे, म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायची लाकडी दारं, तिथे बांध चांगला रुंद आहे. पूर्वी मचव्यात मीठ भरायला तिथेच राशी लागायच्या. रघू गाडी मागे घेऊ लागला.

"थांबा," हौसा म्हणाली.

"काय झालं?"

"बांध कुनाचा?"

"गावाचा," रघू म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याला तिच्या मनातलं कळलं. "नको गो. नमी उभं जाळील आपल्याला."

"उधानानं बांधाला खांड पडली का घरटी एक मानूस यायचा. बाबा तापानं फनफनलेला व्हता तवा मी आले. फ्रॉक वर खोचून चिखल वाह्यला. ह्या बांधात माझ्या टोपलीतला चिखल हाय. प्रविनच्या सायबाचा हाय काय?"

रघूने गाडी बांधाच्या रुंद भागात सरळ लावली आणि चाकांना दगड लावले. हौसा तीन दगड शोधायला गेली. ओट्यावर गॅस होता, भरलेला होता. पण गॅसने जागा मिळत नाही. उघाडीच्या कडेचे तीन काळे दगड तिने पोटाशी धरून एकेक आणले, तोंड वाऱ्याला पाठमोरं करून मांडले, आणि सुक्या फाट्या घालून काडी ओढली. चूल एका काडीत पेटली. तांदूळ वैरले, दुसरीकडे बोंबलाचं कालवण केलं, भरपूर लसूण चेचून.

संध्याकाळचा वारा खाडीवरून जमिनीकडे वाहतो. तो काही हौसाने वाहवला नव्हता. धूर आणि त्यातला बोंबील असा सरळ रेषेत त्या हिरव्या चौकोनांवर गेला, की जणू पत्ता सांगून पाठवला होता.

थोड्या वेळाने फाटकातून एक माणूस आला. हातात काठी, अंगात कॅम्पाचा निळा शर्ट. चंदर त्याचं नाव. बांधाखालच्या कातकरी वाडीत राहणारा, कॅम्पात झाडलोट करणारा. त्याचा बाप हौसाच्या बापाच्या बरोबरीने मिठागरावर राबलेला.

"मावशे," तो म्हणाला, "सायेब बोल्ला, धूर येतोय, त्यांना उठव."

"मग उठव की."

चंदरने चुलीकडे बघितलं. तीन दगड बघितले, रटरटणारा भात बघितला. "पयला हाय?" त्याने विचारलं.

"पयलाच."

चंदरने काठी खाली ठेवली. ढिगातली एक फाटी घेतली, नीट बघून चुलीत सारली, आणि उकिडवा बसला. मग फाटकाकडे तोंड करून ओरडला, "सायेब! मी फाटी सारली! आता मला बोलता येत नाय!"

तिकडे प्रविणला ह्यातलं अवाक्षर कळलं नसणार. तो नुसता कमरेवर हात ठेवून उभा होता.

"कामावरनं काढंल ना रं तुला," रघू म्हणाला.

"काढूंदे. त्यांचं गवत खोटं हाय, काका. कापाय लागत नाय, रोज झाडाय लागतं. त्या कामाला दुसरा कोन येतोय?" त्याने ताट पुढे ओढलं. "नि हाक मारा. वाडी ही काय खाली. माजी बायको जानी नळाचं पानी भरून देल."

पहिला भात चंदरने खाल्ला आणि वाटी चाटून पुसून ठेवली. झालं, जागा हौसाची झाली. शनिवारी सकाळी कॅम्पाच्या कुंपणावर नवा बोर्ड लागलेला दिसला आणि हौसाने तो बांधावरून खणखणीत वाचून दाखवला: "बाहेरून येणाऱ्या धुरास व्यवस्थापन जबाबदार नाही." ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

रविवारी मात्र तिचं हसू मावळलं. नमिता दुपारीच आली. बरोबर गिऱ्हाईक होतं, गणेश म्हणून पेणचा केटरिंगवाला. त्याला गाडी लग्नाच्या जेवणावळींना हवी होती. तो बूट घालून चढला आणि ओट्यावर टिचकी मारून बघू लागला. हौसाने चुलीवर भात ठेवला होता. टिचकीचा आवाज ऐकून तिने ढिगातली हाताला लागेल ती फाटी चुलीत खुपसली.

"आई, ही जागा आहे?" नमिताने चहूकडे बघितलं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला कुंपण. "मी जागा बघा म्हटलं होतं. हा बांध आहे!"

"हाकेला मानूस पायजे व्हता ना? चंदर!"

"व्हय मावशे!" खालून चंदरचा आवाज आला आणि पाठोपाठ तो वर आला.

"पाणी?"

"वाडीच्या नळाचं."

"बाबांना परत अंधारी आली तर?"

"वेळेवर जेवाय घालते त्यांना. दोन दिस झाले, एकदा पन चुकला नाय. इचार."

रघूने मान हलवली. नमिताचे डोळे भरून आले, पण आवाज कडक राहिला. ती आईचीच लेक. "आणि उद्या इथून कुणी उठवलं तर? मी तिकडे पुण्यात. मला फोन येणार, आई-बाबा रस्त्यावर आहेत. मी काय करायचं?"

"कोन उठवतोय मला?"

"मी उठवते!" नमिता ओरडली. "कागद माझ्या नावावर आहेत!"

गाडीतल्या टिचक्या थांबल्या. बोलून झाल्यावर नमितालाच ते ऐकू आलं आणि तिने ओठ चावला.

हौसाने पदराने तोंड पुसलं. तिला रडायचं नव्हतं. "उठव," ती म्हणाली. "तुला हक्क हाय. पन येक ऐक. तुझ्या घरात मला काय कमी नव्हतं. तू मोजे पन घातलेस माझ्या पायांत. पन मी पावनी व्हते, नमे. चांगल्या घरची, लाडाची, पन पावनी. जिन्यात, लिफ्टमधी, जो तो इचारायचा, कधी जानार. त्याच्या आधी रोह्याच्या खोलीत मालक इचारायचा. उभा जल्म झाला ते ऐकून. आनि ह्या येका जागेवर मला कुनी इचारत नाय. म्हनून मी हितं राह्यनार. तू गाडी नेलीस तर खोपी घालीन. माझ्या आयनं घातलेली, मला येती."

मग चूलच बोलली. ओल्या फाटीने धुराचा लोट उठवला होता, तो वाऱ्याने फिरून सगळ्यांच्या डोळ्यांत जाऊ लागला. गणेश खोकत खाली उतरला. रघूने डोळे चोळले. भाताचा कढ बसला.

"अगं, ओली फाटी कशाला घातलीस?" नमिता वैतागून म्हणाली. नाकातोंडात धूर, डोळ्यांत पाणी, आधीचं आणि आत्ताचं. "भात कच्चा राहील. सरक, सरक तिकडे!" पुण्याची पँट सावरत ती चुलीपाशी बसली, ओली फाटी उपसून बाजूला टाकली, ढिगातून एक सुकी निवडली, दोन दगडांच्या मधून आत सारली आणि फुंकणी घेऊन जीव खाऊन फुंकर घातली. धूर तुटला. जाळ धरला.

चंदर हळूच म्हणाला, "सारली."

रघू आयुष्यभर समोर बघत आला होता. तो वळला आणि लेकीकडे बघू लागला. त्याच्या मिशा हलायला लागल्या.

फुंकणी हातात धरून नमिताने वर बघितलं. मग चुलीकडे. तीन दगड, आणि मध्ये तिच्या हातची फाटी, टोकाशी लालभडक झालेली. आजीच्या मांडीवर बसून जे शंभरदा ऐकलं होतं, ते तिला एकदम सापडलं.

"हे तू मुद्दाम केलंस," ती म्हणाली.

"मी? मी तर तुझ्याशी भांडत व्हते."

ती ओली फाटी हाताला चुकून लागली होती का, हे हौसाने आजपर्यंत रघूलाही सांगितलेलं नाही.

"ह्याला काय अर्थ आहे? हा काय कायदा आहे का?"

"नाय," हौसा म्हणाली. "कायदा तुझ्याकडं हाय. कागद तुझे. ही नुसती रीत. पटत नसंल तर उपस ती फाटी. मी काय बोलनार नाय."

नमिताने हात पुढे नेला. खरोखरच नेला, सगळ्यांनी बघितला. फाटीचं बाहेरचं टोक धरलं. जाळ छान लागला होता. कढ परत आला होता आणि झाकण उडत होतं. तिने फाटी बोटभर आणखी आत सारली.

"ताई, मग गाडीचं कसं करायचं?" गणेशने विचारलं. त्या बिचाऱ्याला आपण कशात सापडलोय हेच कळत नव्हतं.

"पाऊस पडल्यावर बघू," नमिता म्हणाली. नाक ओढून तिने फुंकणी खाली ठेवली. "बूट काढा आणि बसा. आये, ताटं काढ. आजीने मुकादमाला काय वाढलं होतं गो?"

"भात नि बोंबील," हौसा म्हणाली आणि ताटं आणायला आपल्या घरात चढली.